सुलक्षणेचा लांडगादात

तामलवाडी,
मंगळवार

ती. दाजींना,

बब्रुवानचा नमस्कार. एकाच हाताने करतोय, दुसरा गालावर आहे. राग मानू नये.

गुडघा कसा आहे? अक्का म्हणाली, आता पाटावर बसता येतं, फक्त उठवायला पोरगा दिग्विजय लागतो. म्हणजे उतार आहे. आमच्याकडं सगळे ठीक. फोन सोडून पत्र लिहितोय याचं कारण असं, की फोनवर मी ‘घोडी’ म्हटलं की तुम्ही ‘विकली’ म्हणता आणि ठेवून देता. पण तीस वर्षं परंड्याच्या पोस्टात काढलेला माणूस तिकीट लावून आलेला कागद अर्ध्यात सोडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच मुद्दा सांगतो : रविवारी टेम्पो पाठवू नका, आणि त्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवा. सुलक्षणा सुधारली. खरं म्हणजे ती बिघडलीच नव्हती.

तुम्ही तिच्या अंगावरचे शुभ भोवरे पाहून, कपाळावरचा टिळा पाहून हौसेनं सुलक्षणा नाव ठेवलंत, आणि तिसऱ्याच दिवशी तिनं तुम्हाला अंगणातल्या हौदात बसवलं. ‘खोडीची घोडी’ हा शब्द तुम्ही तेव्हा काढलात. मी दोन महिने मागून घेतले आणि तिला इकडं आणली. आणल्यावर बघतो तो काय, मोकळी असली की शेळीसारखी मागं मागं येते. लगाम घातला तरी डावीकडं लोण्यासारखी वळते. मात्र उजवा पट्टा जरा ओढला, की मान आभाळात, पुढचे पाय आभाळात, आणि वर बसलेला माणूस कुठं जातो हे तुमच्या गुडघ्याला मी काय सांगावं!

आता आमचं शेत नेमकं मारुतीच्या देवळापासून उजव्या हाताला. मी तोड काढली. देवळापुढून सरळ जायचं, शाळेपाशी डावीकडं, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडं, गिरणीपाशी पुन्हा डावीकडं, की तोंड आपोआप शेताकडं. महिनाभर मी असाच शेतात जात होतो. गावाला वाटलं काहीतरी नवस आहे. दोघीतिघी बाया वाटेत थांबून हात जोडू लागल्या. (मीही जोडले. कशाला कुणाचं मन मोडा?)

तेवढ्यात ईरण्णाची मेंढरं आमच्या रानात बसायला आली. ईरण्णा दरसाल येतो, चार रात्री मेंढरं बसवतो आणि रानाला खत मिळतं. त्या दिवशी मेंढरांना लस टोचायला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. शिवप्रिया त्यांचं नाव, वय तुमच्या हर्षालीएवढं. मी सुलक्षणेवर बसून रानात शिरलो, मेंढरं चुकवायला उजवीकडं वळायचं होतं, ते काही जमेना, म्हणून डावीकडं वळलो, आणि वळतच राहिलो. तिसऱ्या फेरीला बाई हातातली सुई खाली करून म्हणाल्या, “काका, मेंढरांना प्रदक्षिणा का घालताय?”

मी सगळं सांगितलं. दाजी, त्या मुलीनं काय करावं? ना दोरी, ना काठी, ना कान पिळणं. घोडीच्या मानेवर हात ठेवून जरा वेळ नुसती उभी राहिली. मग ओठाच्या कोपऱ्यात, जिथं दात नसतात तिथं, अंगठा घातला. जे तोंड तुमच्याकडं पाच गड्यांना उघडलं नाही, ते सुलक्षणेनं जांभई दिल्यासारखं उघडलं. बाईंनी आत चाचपलं आणि म्हणाल्या, “उजवीकडं वर लांडगादात आहे.”

हे ऐकलं आणि ईरण्णा ताडकन उठला. “म्या म्हणत हुतो का न्हाय! माजी मेंढरं हिला बघून उगं बिचकत न्हाईत. लांडगा हाय हिच्या तोंडात!” असं म्हणून त्यानं शंभर मेंढरं पार बांधापलीकडं हाकलली. बाईंनी त्याला परोपरीनं सांगितलं, की हे नुसतं नाव आहे, घोड्याच्याच तोंडातला हा चिमुकला बिनकामाचा दात. लगामाची लोखंडी दांडी त्यावर आपटली की जीव जातो, म्हणून ती उसळते. शेवटी त्याच्या कानडीतूनही सांगितलं. ईरण्णा दोन्ही भाषांत मान हलवत राहिला, पण मेंढरं काही त्यानं अलीकडं आणली नाहीत.

दाजी, मला मात्र त्या क्षणी फार वाईट वाटलं. महिनाभर ती मला सांगत होती, इथं दुखतंय, इथं दुखतंय. आणि मी तिच्या खोड्या मोजत गावाला वळसे घालत होतो.

त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी बाई आल्या. कपाळाला दिवा बांधला, गुंगीचं इंजेक्शन दिलं. सुलक्षणेची मान हळूहळू खाली आली, सत्काराच्या कार्यक्रमात पाहुण्याची येते तशी, आणि तिनं हनुवटी आमच्या सौ. सखूबाईच्या खांद्यावर टेकली. सखूबाई जागची हलली नाही. मग हिरडी बधिर केली आणि एका बारीक हत्यारानं दाताभोवती इकडून थोडं, तिकडून थोडं सैल करणं चाललं. मी म्हटलं, पक्कड लावून एकदा ओढा की. तर म्हणाल्या, “ओढलं तर मूळ आत मोडतं, काका. त्याला सोडायला लावायचं.” वीस मिनिटं ती मुलगी एका दाताची समजूत घालत होती. घामानं चष्मा घसरला तर तो सखूबाईनं वर केला, हात काही थांबला नाही. मग चिमट्यानं दात अलगद उचलला, मुळासकट. केवढा? भुईमुगाच्या दाण्याएवढा! एवढ्याशा दाण्यानं पोस्टमास्तरला हौदात बसवलं!

बारा दिवस लगाम बंद होता. काल जखम तपासून बाईंनी परवानगी दिली. देवळापाशी आलो, जीव मुठीत धरून उजवा पट्टा हलकासा ओढला, आणि सुलक्षणा वळली. उजवीकडं! कान टवकारून, जणू हा रस्ता इथं कधीपासून होता असं विचारत. पारावरची माणसं उठून उभी राहिली. नमस्कार करणाऱ्या बायांपैकी एक म्हणाली, “नवस फिटला वाटतं.”

तर आता सांगा, हिला विकायची?

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बब्रुवान

ता. क. : सखूबाईनं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, त्या बुधवारी मी दात निघताना पाहिलाच नाही, कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसलो होतो. वरचं वर्णन तिनं सांगितलेलं आहे. पक्कड लावा हे मात्र मीच म्हणालो, गंजीमागून.

दुसरा ता. क. : तो दात ईरण्णानं मागून नेला आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधला. कुत्रं आता स्वतःच्या मेंढरांना भितं असं कळतं.

तिसरा ता. क. : रविवारचा टेम्पो येऊ द्या. घोडीसाठी नव्हे. सुरुवातीला गालावर हात आहे म्हटलं, तो तिथं तीन आठवडे आहे. अक्कलदाढ. धाराशिवच्या दातांच्या डॉक्टरांनी दोनदा वेळ दिली, दोन्ही वेळा मी एसटीत बसून तुळजापुरातच उतरलो. सखूबाई म्हणते, “घोडीनं हूं का चूं केलं न्हाय, आन् तुमी!” आणि ती सोबत यायला तयार नाही. म्हणून तुम्हीच टेम्पोत बसून या. दार तुमच्या बाजूला ठेवा, वाटेत कुठं थांबू नका. दावं आमच्याकडं आहे. फक्त खांदा तुमचा लागेल.