माझ्या मेंदूवर वन्संचा हक्क नाही

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, फोटो फ्रेमच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. हात थरथरतात, चेहरा हलत नाही, म्हणून डोकंही गेलं असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मजकूर वकिलांनी टाइप केला. "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही," असं ते मध्येमध्ये म्हणत होते. बसवा म्हटलं.

१. मी मेल्यावर माझा मेंदू त्याच डॉक्टरांच्या संशोधनाला द्यावा. कंपवात हातात दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी तो माझ्या झोपेत शिरला होता, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. स्वप्न पडताना मेंदू हातापायांना गप्प ठेवतो. माझ्या मेंदूतल्या भागांचं एकमेकांशी बोलणं आधी तिथे बिघडलं, म्हणून स्वप्नात केलेलं हातपाय खरंच करू लागले, आणि मग तो बिघाड हळूहळू जागेपणीच्या हालचालींपर्यंत पसरला.

२. हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. मी झोपेत "मर मेल्या" म्हणून ओरडले आणि शेजारी झोपलेल्या ह्यांच्या डोळ्यावर गुद्दा बसला. स्वप्नात एक माणूस ह्यांचा गळा दाबत होता, त्याला मी मारत होते. सकाळी तसं सांगितलं, तर थोरल्या नणंदेने निकाल दिला, "झोपेत माणूस खोटं बोलत नाही. पोटातलंच ओठावर येतं." भावाला त्या आपल्या घरी घेऊन गेल्या. हेही मुकाट्याने गेले, त्याचाही मला राग आहे. तिथेच वारले. वन्सं, मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि या कागदानेही करत नाही.

३. मेंदू द्यायला मुलाची सही लागेल. आत्याने त्याला आधीच पढवलंय, "आईचं डोकं चिरून लोकांना दाखवणार का रे?" त्याने वेळेत सही केली, तर राहतं घर त्याचं आणि सुनेचं निम्मं निम्मं. टाळाटाळ केली, तर सगळं सुनेचं. मग त्याने तिच्या घरात तिच्या मर्जीने राहावं.

४. दुकान, काच कापायची हिरकणी आणि कोपरे जुळवायचा गुण्या सुनेला. माझा आवाज बसल्यापासून "काय म्हणालात, आई?" असं पुन्हा विचारणारी ती एकटी. बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

५. बँकेतली ठेव झोपेच्या दवाखान्याला. झोपेत हातपाय झाडणारा कोणी आला, की त्याच्या घरच्यांनाही बसवून सगळं सांगावं. नणंदांना पुढच्या खुर्चीवर बसवावं.

६. मेंदूचा अहवाल आला, की मुलाने आत्याच्या घरी जाऊन तो ह्यांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचावा. त्या फोटोची फ्रेम वन्संनी मुद्दाम दुसरीकडून करून घेतली, कोपरे जुळत नाहीत. वन्संनी ऐकलं नाही तरी चालेल. वाचायचं ते ह्यांच्यासाठी. मी ह्यांना सोडवत होते, एवढं कोणीतरी ह्यांना सांगा.

सही: (बारीक आली आहे, पण माझीच आहे.)

साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. २. मला व्यायाम शिकवायला येणारी ताई.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: १४ मार्च २०२३