नाखवाचा बिल्ला

३ नोव्हें.
आज परत भांडलो. सकाळी रुबीना मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवले. चीनमधून तयार सायकली येतायत, कंटेनर भरून. फ्रेम, चाकं, रंग, सगळं होऊन. आपण पुढच्या पाइपवर आपल्या 'नाखवा' सायकलचा पितळी बिल्ला दोन रिबिटांनी ठोकायचा आणि बीचवर भाड्याने देणाऱ्यांना विकायच्या. बिल्ले ठोकायचं काम माझं.
मी म्हटलं, ती नाखवा नाही.
"ब्रँड म्हणजे बिल्लाच असतो, संदेश."
"मग नुसता बिल्लाच विका ना मॅडम. सायकल कशाला?"
शाजी पेंटर मास्कच्या आत खिदळला. मॅडम नाही हसल्या. मालक हमीदचाचांची मुलगी, दुकान आता तीच बघते. वाईट बाई नाही. पण ऐकत नाही. मीही नाही.

४ नोव्हें.
डोकं शांत नाही, लिहून काढतो. नाखवा म्हणजे काय.
हमीदचाचा मूळचे जिन्याच्या रेलिंगवाले. पाइप वाकवायचं मशीन रेलिंगचं, त्याला वळण एकच येतं. म्हणून नाखवाचा वरचा पाइप, खालचा पाइप, हँडल, सगळ्यांना वळण तेच. लांबूनही ओळखू येते. वरचा पाइप एवढा खाली की पायघोळ कंदुरावाला अरब असो की लुंगीवाला, तंगडी वर न करता बसतो. ब्रेकला वायर नाही, पेडल उलटं दाबायचं. समुद्राची हवा वायर खाते. टायर जाड, वाळूसाठी.
हँडलसुद्धा रेलिंगचाच पाइप. बाजारातली रबरी मूठ त्यावर चढतच नाही. म्हणून जाळ्याची दोरी गुंडाळायची आणि शेवटी जाळ्याचीच गाठ. मला ठेवलं ते त्याच गाठीवर. चाचांनी शाळा विचारली नाही, गाव विचारलं. हर्णै म्हटल्यावर दोरी पुढे टाकली. "बांध बघू." आईने लहानपणी जाळी शिवायला बसवलं होतं, तेव्हा रडायचो.
दुबईत आल्यापासून कुठे टिकलो नाही. परांची बांधली, गाड्या धुतल्या, डिलिव्हरी केली. सगळीकडून भांडून निघालो. इथेच राहिलो. आई फोनवर म्हणते, हल्ली तू कमी चिडतोस. आता काय सांगू तिला.

७ नोव्हें.
मॅडमनी वेबसाइटवर कंपनीचा इतिहास टाकलाय. शाजीने वाचून हिंदीत सांगितला. संस्थापकाने संध्याकाळी खाडीत जुनं गलबत बघितलं, त्याच्या बाकदार कडेवरून त्याला ह्या सायकलचं वळण सुचलं. खाली माझा फोटो, दोरी बांधताना. फोटोत फक्त हात. थोबाड कापलंय.
शाजी म्हणाला, "अच्छा हुआ, चेहरा डालते तो कौन खरीदता."
पण गलबताचं वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मॅडमला हेच दाखवीन. नाखवा म्हणजे ते वळण, असं स्वतःच लिहिलंय ना.

९ नोव्हें. रविवार
सुट्टी. कुसैसलाच चाचांच्या घरी गेलो, वर्कशॉपपासून जवळ. पाय सुजलेत त्यांचे, आता येत नाहीत. टीव्ही बघत होते. गलबताचं विचारलं. एवढे हसले की खोकला लागला.
"कसलं गलबत नि कसली संध्याकाळ रे. जुमेराला बंगल्याचं रेलिंग करत होतो. मागे कचऱ्यात गोऱ्या माणसाची सायकल पडलेली. गाडी चढलेली तिच्यावर, वरचा पाइप चपटा. उचलून आणली. कामावर जायला झाली असती."
"मग?"
"मग काय. चपटा पाइप कापला, रेलिंगचा तुकडा लावला. तुकडा तेवढाच होता, तो खालीच बसला. लोक विचारायला लागले, कुठून घेतली? दुसरी केली."
"म्हणजे पहिली नाखवा—"
"दुसऱ्याची टाकलेली सायकल."
चहा खाली ठेवला. मी म्हटलं, मग मी कशासाठी भांडतोय, चाचा? तुमचीच पोरगी चीनच्या सायकलींवर आपला बिल्ला मारायला निघालीय.
"माझ्या पोरीला मी सांगणार नाही. तिला भाडं भरायचंय. तुलापण सांगणार नाही. बिल्ले तुझ्याकडे, हातोडी तुझ्याकडे." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
म्हाताऱ्याचा राग आला. उठताना म्हणतो, जेवून जा. नाही जेवलो.

१० नोव्हें.
मुहैस्नाहला रूमवर आलो. भिंतीकडे तोंड करून पडलो. तर आपली नाखवासुद्धा

११ नोव्हें.
काल अर्धंच राहिलं. आज वेल्डिंग करता करता सुचलं.
चाचांनी कचऱ्यातली सायकल आणली, पण तशीच विकली नाही. कापली, जोडली. त्यांचा हात लागला तिथून ती नाखवा. त्याच्या आधी ती गोऱ्याचीच होती.
आणि चीनमध्येही कोणीतरी असेलच वेल्डिंगला. माझ्यासारखाच, घरापासून लांब. फोटोत त्याचे जोड बघितले, साफ आहेत. माझ्यापेक्षा साफ. मग त्याच्या कामावर मी माझा बिल्ला का मारू? त्याच्या मालकाचं नाव मारा. काहीच नको तर कोरी विका. मला चीनवाल्याचा राग नाही. त्याचं थोबाड कापायचं काम मी करणार नाही, एवढंच.
हे मॅडमला सांगायचं. असंच्या असं.

१३ नोव्हें.
कंटेनर आला. वर्कशॉपमध्ये खोकीच खोकी, चालायला जागा नाही. एक उघडलं. सायकल देखणी आहे. रबरी मुठी, ब्रेकच्या दोन वायरी, पाइपाला प्रत्येक ठिकाणी वेगळं वळण.
"यल्ला, चल संदेश, आज दहा तरी होऊ देत."
सांगितलं. अकरा तारखेचं सगळं, असंच्या असं. मॅडमनी पूर्ण ऐकलं, हे मानलं.
मग म्हणाल्या, "तू हाताने करतोस त्या सायकलींवर हे शेड चालत नाही. तुझा पगार तरी निघतो का, बघितलंस कधी? अब्बांना मी सांगत नाही, त्यांना झोप लागणार नाही. तुला सांगते."
नव्हतं बघितलं. मी म्हटलं, "तरी नाही मारणार."
"सोमवारपर्यंत विचार कर. नाही तर खलास. व्हिसा कॅन्सल, तिकीट मी काढून देते. भांडण नाही."
शाजी म्हणाला, "दो रिबिट का सवाल है भाई. आँख बंद करके मार दे."
आँख बंद करून मी आजवर काहीच केलं नाही. म्हणून तर तीन नोकऱ्या गेल्या.

१६ नोव्हें. रविवार
चावी माझ्याकडेच असते. सकाळी वर्कशॉप उघडलं. खोक्यातून एक सायकल काढली, स्टँडला लावली आणि वरचा पाइप कापून टाकला.
मॅडमचा माल आहे. माहितीय.
रेलिंगचा पाइप वाकवला, खाली बसवला. वायरी काढल्या, मागचं चाक उलट्या ब्रेकचं घातलं. रबरी मुठी गेल्या, आपलं हँडल आलं. चीनवाल्याचे खालचे जोड तसेच ठेवले, हात लावला नाही. ते चांगलेच आहेत. जिथे अख्खी फ्रेम करायला आठवडा जातो, तिथे दुपारपर्यंत सायकल उभी राहिली. हे मला आधी कळलं नव्हतं. कापायला घेतली ती रागातच.
रंग जळला होता. शाजीला फोन केला. शिव्या देत आला, रंग मारला. "मैं आया ही नहीं था, समझा? मैं चर्च में था."
दोरी बांधली. मग बिल्ला घेतला. दोन रिबिट. डोळे उघडे ठेवून.

१७ नोव्हें.
मॅडम आल्या. सायकल दारातच ठेवली होती. भोवती एक फेरी मारली. वाकून जोड बघितला, बोट फिरवलं.
"कुणी सांगितलं कापायला?"
"कोणी नाही."
"ही पन्नास-साठ खोकी काय तू कापत बसणार?"
"बसेन."
"आणि नाही विकल्या तर?"
"तर तिकीट काढा."
शाजी भिंतीकडे बघून ब्रश धूत होता, धुतलेलाच.
मॅडमनी पर्स माझ्या हातात दिली. अबाया जरा सारखा केला आणि बसल्या. तंगडी वर करावी लागली नाही. पहिल्यांदा डगमगल्या, मग दोरी घट्ट धरली. चाचांनी शिकवलं असणार लहानपणी. उलटं पेडल मारून एकदा ब्रेक बघितला. थांबली. मग परत निघाल्या, टायरवाल्याच्या दुकानावरून गल्लीच्या टोकापर्यंत, आणि कोपऱ्यावर वळून दिसेनाशा झाल्या.
ना 'हो' म्हणाल्या, ना 'नाही'.
हे लिहितोय, अजून आलेल्या नाहीत. पर्स माझ्या मांडीवर, आत फोन वाजतोय. स्क्रीनवर 'अब्बा'. नाही उचलला.
दुसरं खोकं उघडून ठेवलंय. कटरची बॅटरी चार्जिंगला लावलीय.