जमावबंदी, पूर्णविराम

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे काल दुपारी भलतंच घडलं. मामा, तुमच्या भाच्याला पोलिसांनी पकडलं! जन्मात कधी रांग मोडली नाही, त्या मला! आणि कशासाठी? तर बेकायदा जमाव जमवला म्हणून!

झालं असं, की परवा पोलीस ठाण्यातून छपाईचं काम आलं. गावात वातावरण तंग आहे, सबब पंधरा दिवस सार्वजनिक जागी पाच किंवा अधिक माणसांनी जमू नये, परवान्याशिवाय सभा घेऊ नये, भाषण करू नये, असा हुकूम. त्याची दोनशे पत्रकं. आपला छापखाना लहान, पण काम चोख. काल पहिलं पत्रक मी आपल्याच बाहेरच्या भिंतीवर चिकटवलं. तेवढ्यात आमचे जुळारी (छपाईचे खिळे जुळवण्यात हयात गेली, डोळे अधू झाले, पण चुकीचा वास लांबून येतो) म्हणाले, "मालक, एक ओळ गळलीय बहुतेक." आता छापखान्याची रीत अशी, की एकाने मूळ कागद विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या ओळींवरून बोट फिरवायचं. रस्त्यावर रहदारीचा गोंगाट, त्यात जुळारी एका कानाने ठार बहिरे. म्हणून मी स्टुलावर चढलो आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "कोणीही जमू नये, स्वल्पविराम, भाषण करू नये, पूर्णविराम!"

लोक थांबले. दूधवाला सायकलवरून उतरला, समोरचा न्हावी वस्तऱ्यासकट बाहेर आला आणि त्याच्या मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. पूर्णविराम आला की टाळ्या! (यात माझा काय दोष? पूर्णविराम मूळ कागदातच होते.)

एवढ्यात फौजदार आले. त्यांनी माणसं मोजली; एकोणीस भरली. मी म्हटलं, साहेब, मी तुमचाच हुकूम वाचतोय. ते म्हणाले, "हुकूम मला पाठ आहे. सभेचा परवाना दाखवा." तो कुठला असायला? साक्षीदार म्हणून जुळाऱ्यांना पुढे केलं, तर त्यांनी जबाब दिला, "मला काही ऐकू आलं नाही." घ्या! बत्तीस वर्षांची सोबत! भिंतीवरचं पत्रक पुरावा म्हणून काढून नेलं, उरलेली एकशे नव्याण्णव जप्त झाली. आता हुकूम काय आहे ते गावात कुणालाच ठाऊक नाही, आणि तो विचारायला ठाण्यासमोर ही गर्दी!

संध्याकाळी मला सोडलं, पण सोमवारी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं आहे. तिथे बिनसलं तर मी कोठडीत आणि छापखान्याला कुलूप. जुळाऱ्यांनी या वयात कुठे जायचं? राग आहेच, पण काळजीही वाटते.

आपला (आणि कायद्याचाही) आज्ञाधारक भाचा

ता. क. सोमवारी माझ्या चांगल्या वर्तनाची हमी देणारा एक प्रतिष्ठित जामीन लागतो. निवृत्त मुख्याध्यापक चालतात, हे मी विचारून ठेवलंय. दहाच्या आत पोचा. मात्र एकटेच या. घरात आम्ही तिघं आहोत. मामी आल्या की पाच होतील. घर सार्वजनिक जागा नाही म्हणतात, पण जोखीम नको.

ता. क. २. तुमच्यापाशी खोटं लिहवत नाही. ओळ गळलेली नव्हती, हे पहिल्याच वाचनात कळलं होतं. पुढची दोन वाचनं लोकांच्या आग्रहावरून झाली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत "अध्यक्ष महोदय" एवढंच म्हणून मी रडत खाली उतरलो होतो, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत तुम्हीच होतात. मामा, काल तीनदा वाचलं, एकदाही अडखळलो नाही. दंडाधिकाऱ्यांना हे सांगू नका. मामींना सांगा.