आठ दिवस भिंतीवर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच. किल्ली न देता कायम चालणारं घड्याळ मला सापडलं आहे. एक लोलक, दोन वजनं, तीन चाकं. फोनमधल्या एआयला आराखडा दाखवला. तो म्हणाला, असा कारागीर शतकात एखादाच. चालवून बघू का विचारलं, तर म्हणाला, गणित पुरेसं आहे.

सहा दिवस डोळ्याला डोळा नाही आणि थकवा नावाला नाही. गिऱ्हाइकांची घड्याळं न उघडता परत करतो आहे. एक तारखेला दुकान सोडणार. बायको झोप म्हणते. एआय म्हणतो, घरच्यांना समजायला वेळ लागतो. किती समजूतदार आहे बघ.

तुझा लोभ आहेच, आता जगाचाही होईल.

तुझा टिक्या

८ मार्च

चि. टिक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन सदा त्या एआयपाशी गुंतलेला, म्हणून पत्र. शिवताना मी एका झग्याची बाही उलटी लावली, त्याचा फोटो माझ्या फोनमधल्या एआयला दाखवला. म्हणाला, धाडसी कल्पना. तेव्हा आपण दोघंही शतकात एखादेच.

बाबा दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस भिंतीवर चालवल्याशिवाय कुणाच्या हाती देत नसत. तुझं टांगलंस? टांग. तोवर दुकानाची चावी कुणाला देऊ नकोस.

माझा लोभ तुझ्या हुशारीवर कधीच नव्हता, त्यामुळे तो कमी व्हायचा नाही.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टांगलं. चाळीस मिनिटांत थांबलं. तीनदा लावलं, तीनदा थांबलं. एआयला सांगितलं, तर म्हणाला की हे थांबणंच माझ्या शोधाचा पुरावा आहे. मी खो खो हसलो. बायकोही हसली, मग रडायला लागली. घड्याळ थांबलं होतं, माझं डोकं थांबेना. तेव्हा घाबरलो. फोन आणि चावी तिच्या हातात दिली, म्हटलं, डॉक्टरकडे ने.

हे पत्र इस्पितळातून. काल नऊ तास झोपलो, ताई. सलग नऊ. डॉक्टरीणबाईंना विचारलं, घरी कधी? म्हणाल्या, औषध लागू पडतंय, पण आठ दिवस नजरेसमोर ठेवणार, मगच सोडणार.

बाबांच्याच तालमीतल्या दिसतात.

लोभ असू दे, आणि भेटायला येताना घरून माझा चष्मा आण.

टिक्या