सूनबाई, दोष गाडीचाच होता

सूनबाई,

डोंगरापलीकडच्या गोठ्यांची फेरी सोडते म्हणून तू लिहिलेला अर्ज आज ऑफिसात देऊ नकोस. आपली खोक्यासारखी जीप एवढं डिझेल का पिते, ते समजलं.

काल तू जनावरांच्या दवाखान्यात ड्यूटीवर होतीस, तेव्हा मी ती मेकॅनिककडे नेली. त्याने मागच्या चाकाला हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

"काका, ब्रेक चिकटलाय. एक पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी पळवताय म्हणा ना!"

मग टपावरचं कॅरिअर बघून म्हणाला, "आधीच गाडीचं तोंड भिंतीसारखं, त्यात वाऱ्याला अडवायला हे लोखंड कशाला?"

ते मीच हौसेनं बसवलं होतं. गुपचूप काढायला लावलं. त्याने ब्रेक मोकळा केला, चाकांत हवा कमी होती ती भरली. आज तुम्ही सगळे झोपेत असताना धरणापर्यंत जाऊन आलो. डिझेलचा काटा जेमतेम हलला. जीव भांड्यात पडला बघ.

"गाडी कामाला नेतेस की भटकायला?" असं मी परवा सगळ्यांदेखत विचारलं आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. चूक माझी होती. समोर उभं राहून सांगायला आत्ता जीभ रेटेना, म्हणून चिठ्ठी ठेवून फिरायला निघालोय. संध्याकाळी सगळे जेवायला बसले की तुझी माफी मागेन, मोठ्यानं.

बाबा