न वाजणारा ड्राइव्ह

बाबा,

दुकानदाराचा फोन आला होता. मी लॅपटॉपसाठी आणलेला नवा ड्राइव्ह तुम्ही कानाशी धरून हलवलात, आत काहीच फिरत नाही म्हणून मेलेला ठरवलात आणि परत देऊन आलात! अहो, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत म्हणून प्रत्येक वस्तूने टिकटिक करायलाच हवी का? घरात मी करते तेवढी पुरे. जुन्या हार्ड डिस्कसारखं यात फिरणारं काही नसतंच, म्हणून तर तो धक्क्याने सहसा बिघडत नाही.

तो परत आणून तुमच्या टेबलावर ठेवलाय. सगळ्यात स्वस्त घेतला नाही, त्याची वॉरंटी नावापुरती होती. महागडाही नाही, तुमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्याचा वेग झेपला नसता. हा मधला आहे, पाच वर्षं वॉरंटीचा. मी तिकडून व्हिडिओ कॉल केला की लॅपटॉप झटकन सुरू व्हायला हवा. संध्याकाळी बसवून देते, तोवर स्क्रूड्रायव्हर लावू नका.

आणि माझ्या बदलीचं कळल्यापासून मी गप्प आहे, तर मलाही मोडीत काढू नका. चालू आहे मी. नुसता आवाज फुटत नाहीये.

तुमचीच,
टिकटिक