बाबांच्या नावावरचे कॉइन

३ जून, मंगळ.
बाबांना इन्कम टॅक्सची नोटीस. आमच्या बाबांना! तीस वर्षं विक्रीकर खात्यात कारकुनी केली, कुठल्या दुकानदाराचा चहासुद्धा घेतला नाही. आणि म्हणे क्रिप्टो विकून नफा लपवला. यांना साधं यूपीआय जमत नाही. दिवसभर मी लोकांची रिटर्न्स भरते, नि नोटीस माझ्याच घरी.

५ जून, गुरु.
सापडलं. निख्या. माझा सख्खा भाऊ.
बाबा पॅनच्या झेरॉक्सवर आधीच सह्या करून देवघराशेजारच्या फोल्डरमध्ये ठेवतात, ऐन वेळी धावपळ नको म्हणून. जुनी सरकारी सवय. त्यातली एक उचलून यानं बाबांच्या नावावर खातं उघडलं. ओटीपी आला तो बाबांनीच त्याला वाचून दाखवला, बँकेचं काही असेल असं समजून.

७ जून, शनि.
निख्या बोरिवलीहून मुलुंडला आला. लाज नावाला नाही. "नफ्यावर तीस टक्के टॅक्स कोण देणार यार? ग्रुपमधले सगळे असंच काहीतरी करतात. आमच्या चिल्लरनं सरकारची काय वाट लागणारे?"
म्हटलं, सगळेच असं म्हणाले तर तिजोरीत येणार काय? बाबांचं पेन्शन तू कॉइनमधून देणार का रे?
हसला. एक ठेवून द्यावीशी वाटली. साकीनाक्याचे माझे क्लायंट, लेथ चालवणारी माणसं, पैन् पै भरतात. ते मूर्ख, हा हुशार.

१० जून, मंगळ.
बाबा धड जेवत नाहीत. नोटिशीच्या उत्तरात निख्याचं नाव घालते म्हटलं, तर म्हणाले, "नको गो. त्याचा लगीन ठरलाहा. व्यवहार मीच केलंय, असा लिव."
मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. फार वाईट वाटतंय. राग मात्र गेलेला नाही.

१२ जून, गुरु.
उद्या शेवटची तारीख. मसुदे दोन तयार, एक निख्याचं नाव असलेला, एक नसलेला. पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडे, म्हणजे खोटं पाठवायचं तर तेही मीच. निख्याचा साधा फोन नाही.
संध्याकाळी बाबा वही-पेन घेऊन समोर येऊन बसले. "सायबान इचारल्यान तर माका सांगूक येवक व्हया. ता कॉइन म्हणजे नेमका काय गो?"
त्यांनी वहीच्या नव्या पानावर तारीख घातली, समासाची रेघ मारली, आणि ते माझ्या बोलण्याची वाट बघत बसले.